नाव न विचारणाऱ्या रकानेबाई

मला वाचवलं ते रकानेबाईंनी. कशातून, ते पुढे येईलच. पण आधी त्यांचं नाव घेतल्याशिवाय माझ्याच्याने सुरुवात होत नाही. आता हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आम्ही प्रसूतिगृहातल्या आयांनी ठेवलेलं. खरं मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही, कारण त्यांनीही माझं नाव कधी कागदावर लिहिलं नाही. माणसाला नाव सोडून बाकी सगळं विचारणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

"किती वर्षं झाली कामाला? डबा कुठे बसून खाता? पाय दुखले तर काय करता? सिस्टर ओरडल्या तर उलट बोलता की गप्प बसता?" असं सगळं विचारायच्या. आमच्यातली एक आया जरा फटकळ होती. ती म्हणाली, "अहो बाई, एवढं विचारलंत, आता नाव तर विचारा! सोयरीक जमवतानासुद्धा आधी नाव विचारतात." त्यावर पेन्सिलीने कानामागे खाजवत बाई म्हणाल्या, "नाव विचारलं की माणूस जपून बोलायला लागतं. मला जपून बोललेलं नकोय."

ही गोष्ट मुलुंडच्या एका सार्वजनिक प्रसूतिगृहातली. गिरण्या बंद पडून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी मूळची मालवणकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली, कारण आठवीची शाळा खाडीपलीकडे होती आणि रोज होडीतून मुलीला एकटी पाठवायला घरचे तयार नव्हते. लग्न होऊन कांजूरमार्गला आले. एका खोलीत आम्ही दोघं, थोरले दीर, थोरली जाऊ आणि त्यांची दोन मुलं. नवऱ्याची गिरणी बंद झाली तेव्हा मी प्रसूतिगृहात बदली आया म्हणून लागले.

बदली म्हणजे कायमची आया रजेवर गेली की तिच्या जागी उभी राहायची ती. हे कागदावर. प्रत्यक्षात मी पाच वर्षं रोज उभी होते. चादरी बदलायच्या, बाळंतिणीला धरून न्हाणीपर्यंत न्यायचं, लेबर रूम धुवायची, रात्रीची पाळी असली तर ती करायची. काम कायमच्या आयांचंच. फरक इतकाच, की त्यांना पगार जास्त आणि हक्काची रजा. आम्हाला भरल्या दिवसाची मजुरी आणि एक यादी. यादीत नाव जितकं वर, तितकी कायम होण्याची आशा. आणि सलग आठ दिवस गैरहजर राहिलं की नाव थेट तळाला. मी तशी पहिल्यापासून भित्री. गावापासून इतक्या लांब आलेली, शिक्षण बेताचं, ही नोकरी गेली तर दुसरी कोण देणार? ती यादी माझ्या छातीवर बसलेली असायची.

युनियनचं म्हणणं होतं, ह्या बायांना कायम करा. ऑफिसचं म्हणणं, ह्यांचं काम तात्पुरतं, गरजेपुरतं, कायम कशाला करायचं? पत्रं झाली, दारावर घोषणा झाल्या. शेवटी एक समिती बसली आणि तिने सांगितलं, आधी खरं काय ते एखाद्या तिऱ्हाइताकडून लिहून आणा. ते तिऱ्हाईत म्हणजे रकानेबाई. कुठल्याशा संशोधन संस्थेत होत्या. सरकारी नोकरांचे पगार, युनियन, साहेब आणि कामगार यांचं कुठे जमतं आणि कुठे मोडतं, ह्याचाच त्यांचा अभ्यास. मला आधी पटेचना. आमच्या भांडणाचाही कोणी अभ्यास करतं?

चाळिशीच्या आसपासच्या, उंच, खांदे किंचित पुढे झुकलेले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात लाकडी फूटपट्टी आणि ब्लेडने टोक केलेल्या पेन्सिली. मोठ्या कागदावर रकाने आखलेले. म्हणून रकानेबाई. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "रकाना रिकामा सोडायचा नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं सांगा. तीसुद्धा माहितीच आहे." पुढे पुढे आम्ही ते एकमेकींना ऐकवायचो. डब्यात भाजी का नाही, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "माहीत नाही. लिही रकान्यात."

चहाच्या बाबतीत त्या भारी कडक. साहेबांच्या केबिनमधला चहा घ्यायच्या नाहीत आणि युनियनच्या ऑफिसातलाही नाही. आमच्याबरोबर मात्र कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यावर बसून, कान तुटलेल्या कपातून प्यायच्या. युनियनचे नाईक एकदा चिडले.

"बाई, आमच्या चहात काय विष आहे?"

"नाही हो. साहेबांचा सोडला, म्हणून तुमचाही सोडला."

"आणि ह्या बायांचा चालतो?"

"ह्यांच्याविषयी लिहायचंय ना. हा चहा कामात धरलाय."

दुसरं म्हणजे त्या कधी 'अरेरे' म्हणायच्या नाहीत. बोलता बोलता एखादी रडायला लागली की पेन्सिल खाली ठेवून थांबायच्या. रडू आवरलं की, "हं, मग त्या दिवशी घरी किती वाजता पोचलात?" मला आधी वाटलं, काय दगडाची बाई आहे! मग लक्षात आलं, की अशा माणसाकडेच खरं सांगता येतं. कीव करणाऱ्यासमोर आपण आणखी दोन अश्रू काढतो. ह्यांच्यासमोर काढून उपयोगच नव्हता.

माझी पाळी आली तेव्हा पंधरा-वीस प्रश्न सुरळीत गेले. मग त्यांनी विचारलं, "गेल्या दोन वर्षांत लागोपाठ जास्तीत जास्त किती दिवस कामावर नव्हता?"

"एकही नाही. हजेरीचं मस्टर बघा."

"मूल किती महिन्यांचं म्हणालात?"

"चौदा."

पेन्सिल थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा रकाना मी आज रिकामा ठेवते. मला आवडत नाही, पण ठेवते. वाटलं तर भरायला या."

ह्याच्यामागे एक रीत होती. आम्ही बदली बाया तिला 'जागा धरणं' म्हणायचो. गणपतीला गावी जायचं असो, दुखणं असो, आपल्या जागी घरचं माणूस उभं करायचं, म्हणजे मस्टरवर खाडा पडत नाही आणि नाव खाली जात नाही. सिस्टरना ठाऊक असायचं. त्यांना काम करणारे हात हवे असत, त्या डोळेझाक करायच्या. मला नववा महिना लागला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. दिवसभर दुसऱ्यांची बाळंतपणं सावरायची आणि स्वतःच्या बाळंतपणाला रजा नाही! तेव्हा माझी थोरली जाऊ म्हणाली, "तू गप पड गो. तुझ्या जागेर मी उभी रवतंय. चादरी धुवूक माका कोण शिकवतलो?" आणि ती बेचाळीस दिवस माझ्या नावावर उभी राहिली. मी घरी पडून, बेकार नवरा मला पाणी तापवून देतोय आणि जाऊबाई संध्याकाळी येऊन बाळाला तेल लावतेय, असे दिवस काढले.

त्या प्रश्नानंतर दोन दिवस मी बाईंना टाळलं. तिसऱ्या दिवशी गेले आणि सगळं सांगून टाकलं. रकानेबाईंनी लिहून घेतलं, आणि एवढंच म्हणाल्या, "जाऊबाईंचे पाय दुखायचे का?"

मग महिनाभराने वाट लागली. समितीला यादी द्यायची म्हणून हेडक्लार्क जुनी मस्टरं तपासायला बसले आणि त्यांना माझं पान सापडलं. मी सातवी शिकलेली, रोज सही करणारी. आणि मधेच बेचाळीस दिवस अंगठे! जाऊला लिहिता येत नव्हतं. तिने बिचारीने प्रामाणिकपणे रोज अंगठा लावला होता. आणि इतक्या दिवसांत हे माझ्याही डोक्यात आलं नाही, की निदान गिरवायला तरी शिकवावं. भीतीने माणूस बाकी सगळ्याचा विचार करतं, समोरचंच दिसत नाही.

मेमो मिळाला. दुसऱ्याला आपल्या नावावर उभं करून हजेरी लावली, कामावरून कमी का करू नये? हेडक्लार्क वर म्हणाले, "त्या बाईंना तुम्ही बायांनी सगळं सांगितलंय म्हणे. त्यांनी भरलेले फॉर्म समिती मागवणार आहे. आता बघा." म्हणजे मी माझ्याच तोंडाने फास तयार केला होता, आणि त्यात जाऊलाही ओढलं होतं.

नाईक धावत आले. "घाबरू नको गं. लिहून दे, की हात भाजला होता, म्हणून अंगठा लावला."

"बेचाळीस दिवस?"

"जास्त भाजला होता म्हण ना!"

घरी नवरा म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं खरं बोलायला?" जाऊ मात्र भाकरी थापता थापता ठणकावून म्हणाली, "अंगठो लावलंय तो कामार ईलंय म्हणान. चोरी केलंय काय? चल, त्या बाईक जाऊन इचारूया."

रविवारी आम्ही दोघी बाळाला घेऊन घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, खाटेवर म्हातारे वडील. भिंतीवर वडिलांच्या औषधांचा तक्ता, तिथेही रकाने. बाईंनी आम्हाला पोहे दिले, मग कपाटातून फॉर्मचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला.

"समितीने मागितले तर हे द्यावेच लागतील. तुमचा शोधा बघू."

मी चाळत गेले. क्रमांक, वय, शिक्षण, काम. एकाही कागदावर नाव नाही. गठ्ठ्यात सातवी शिकलेल्या, लहान मूल असलेल्या, घरच्या बाईने जागा धरलेल्या कितीतरी. माझा मलाच ओळखू येईना.

"नाव?" मी विचारलं.

"मी कधी विचारलं होतं का?"

"पण वेगळी यादी असेल ना तुमच्याकडे?"

"नाही केली. तोंडं लक्षात राहतात, तेवढं पुरे."

मला एकदम रडूच आलं. त्या थांबल्या. रडू संपल्यावर मी म्हटलं, "पण मस्टरवरचे अंगठे?"

"त्याला माझा इलाज नाही. आणि एक नीट लक्षात ठेवा, मी तुमच्या बाजूची नाही. युनियनच्या नाही, ऑफिसच्याही नाही. जे दिसलं त्याच्या बाजूची." मग जाऊकडे वळून म्हणाल्या, "बेचाळीस दिवसांत किती दिवस आलात?"

"सगळे. एक दिस पाय सुजलो, तरी ईलंय."

"आणि हिचं बाळंतपण कुठे झालं?"

"थयच. खाट नंबर नऊ. माझ्याच पाळीत."

बाईंची भुवई वर गेली. "म्हणजे कुठल्या नावाने दाखल झालात तुम्ही?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्याच. दुसऱ्या कुठल्या होणार?"

त्या पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. खाटेवरचे वडीलसुद्धा मान वळवून बघायला लागले. पण का हसल्या ते काही सांगितलं नाही. निघताना मी विचारलं, "समितीसमोर मी काय सांगू?" तर म्हणाल्या, "ते मी सांगायचं नाही. रकाना रिकामा सोडू नका, म्हणजे झालं."

समितीच्या दिवशी मी बाकावर बसून साडीच्या पदराचे दोरे ओढत होते. आत बोलावलं. मोठे साहेब, हेडक्लार्क, नाईक आणि टेबलाच्या टोकाला रकानेबाई. त्यांच्या समोरचा चहा तसाच, वर साय धरलेली. मेमो वाचला गेला. मग साहेब त्यांना म्हणाले, "मॅडम, हे नुसते क्रमांक काय कामाचे? नावं द्या."

"माझ्याकडे नाहीत."

"आठवत तर असतील?"

"आठवतात. सांगणार नाही. विचारताना तसा शब्द दिलाय. आज तो मोडला तर उद्या कोणी तुम्हाला खरं सांगणार नाही, आणि मलाही नाही."

साहेबांना ते रुचलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय हो आयाबाई, हे अंगठे कोणाचे?"

नाईक मागून हात भाजल्याच्या खुणा करत होते. मी रकानेबाईंकडे पाहिलं. त्या पेन्सिलीचं टोक बघत बसलेल्या. मी म्हटलं, "साहेब, माझ्या जावेचे. मी त्या दिवसांत बाळंत झाले होते. आपल्याच इथे, खाट नंबर नऊ. तिने माझं काम एक दिवस पडू दिलं नाही. माझीसुद्धा चादर तिनेच बदलली."

"तुमच्या नावाने?"

"हो, साहेब."

साहेब म्हणाले, "दाखल झालेल्यांची वही आणा." वही आली. एकीकडे मस्टर, एकीकडे ती वही. दोन्हीकडे एकच नाव, एकच तारीख. म्हणजे एकच बाई खाटेवर झोपलेली आणि तीच बाई स्वतःची चादर बदलतेय! आणि दोन्ही पानांखाली, रोज न बघता केलेली, हेडक्लार्कांची सही. साहेबांनी वर पाहिलं तेव्हा हेडक्लार्क घाम पुसत होते. "साहेब, इतकी पानं असतात…" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. साहेबांनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. नाईकही हसले. मी मात्र हसले नाही.

तेव्हा रकानेबाई बोलल्या. शांतपणे, फॉर्म भरताना बोलायच्या तशाच.

"ह्या मस्टरात एक तरी रिकामी चौकट दाखवा. नाही सापडणार. दुखणं येवो, बाळंतपण येवो, ह्या बाया आपल्या जागी कोणाला तरी आणून उभं करतात, कारण हे काम थांबत नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुम्ही म्हणता काम तात्पुरतं आहे. मला जे दिसलं ते असं, की काम कायमचं आहे. तात्पुरती ठेवलीय ती फक्त बाई."

ज्याला मी इतके दिवस गुन्हा समजत होते, तोच पुरावा निघाला होता. बाहेर आले, बाकावर बसले आणि दोन तांबे पाणी प्यायले. पाच वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं झालं. जाऊ गेटवर उभी होती. मी मान हलवल्याबरोबर म्हणाली, "बगलंस? तुका सांगलंय. उगाच जेवूक नाय तीन दिस."

मेमो मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी आमच्यातल्या पहिल्या काही जणी कायम झाल्या, त्यात मी. बदली बायांनाही बाळंतपणात नाव खाली न जाता रजा मिळायला लागली. आणि गंमत म्हणजे बेचाळीस दिवसांचा अनुभव आहे म्हणून सिस्टरनीच जाऊची शिफारस केली. ती आता बदली आया आहे, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या अंगठ्यावर.

समितीनंतर मी गावाहून आणलेलं कुळथाचं पीठ घेऊन बाईंकडे गेले होते. त्यांनी डबा उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि झाकण लावून परत माझ्या हातात दिला. "रिपोर्ट छापून होईपर्यंत नाही घेता येणार. मग घेईन." रिपोर्ट छापून झाला तोवर बाईंचे वडील गेले होते आणि बाईंची नागपूरला बदली झाली होती. कपड्यांच्या खोलीत निरोपाला आल्या, तुटक्या कानाच्या कपातून शेवटचा चहा प्यायल्या आणि सगळ्यांचे आभार मानून निघाल्या. कोणाचंच नाव न घेता. दरवाजात मला म्हणाल्या, "तुमचा एक रकाना राहिलाय. पुढे काय करायचंय, ह्याला तुम्ही 'माहीत नाही' म्हणाला होतात."

पुढे रिपोर्टची एक प्रत टपालाने आली. इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. एका डॉक्टरीणबाईंनी त्यातलं पान शोधून दिलं, जिथे एका आयेच्या जावेची गोष्ट आहे. नाव नाही, गाव नाही. पाकिटावर नागपूरचा पत्ता होता, तो मी देवघरातल्या डबीत ठेवलाय. अजूनही मस्टर उघडलं की आधी माझं नाव कितवं आहे ते बघते. मग सही करते आणि बरं वाटतं.

बाई, तो रकाना भरते. यंदा माझी पहिली हक्काची रजा साठलीय. गावाहून नवं कुळीथ आलं की दळून, डबा घेऊन मी नागपूरला येणार आहे. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी, पण येणार. आता रिपोर्ट छापून झालाय, नाही म्हणता येणार नाही तुम्हाला. आणि मी तुमच्याकडे असेन तेवढे दिवस मस्टरात माझ्या नावापुढे 'रजा' लिहिलेलं असेल. माझ्या जागी कोणालाही उभं करावं लागणार नाही.